बॉल ठरवणारी चार डोकी

आमच्या मैदानाच्या स्टोअररूमचं दार एकट्या माणसाला उघडता येत नाही. एकानं कडी काढायची आणि दुसऱ्यानं लगेच पाय आडवा लावायचा. नाहीतर आतले सगळे बॉल पायऱ्यांवरून टणाटण खाली! किश्शांचंही तसंच असतं. परवा चहाला बसलो होतो, एकानं सहज विचारलं, "बबनकाका, शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचा ऑफिशियल बॉल कोण ठरवतं हो?" मी तोंड उघडलं आणि पाय आडवा लावायला कोणी नव्हतं.

कोण ठरवतं म्हणजे? मी ठरवतो! मी आणि आणखी तिघं.

मी नाशकातल्या एका मैदानावर ग्राउंडमन. चुना मारायचा, जाळी बांधायची, बॉलमध्ये हवा भरायची. शाळा सातवीपर्यंत. मी पुढं जायला तयार होतो, सातवी सोडायला तयार नव्हती. मग मी निवड समितीत कसा? सोपं आहे. पहिल्या मिटिंगला मला फक्त बॉल फुगवायला बोलावलं होतं. फुगवून झाले आणि चहा आला. कप चार, माणसं तीन. चौथा कप मी उचलला. तेव्हापासून मी मेंबर आहे. अजून कोणी काढलेलं नाही, कारण पंप माझ्याकडं आहे.

अध्यक्ष भालेराव सर. रिटायर मुख्याध्यापक. आयुष्यात बॉलला पाय लावला नाही, पण स्पर्धेचं नियमपुस्तक सरांनी स्वतः लिहिलं. काखेत कायम वही. त्यांच्यासमोर कोणी शिंकलं तरी वहीत नोंद होते आणि अनुमोदन कोणाचं ते विचारतात.

दुसरे सलीमभाई. स्पर्धेचे रेफरी. जुन्या नाशकात गाद्यांचं दुकान. शिट्टी गळ्यात आणि कापूस मिशीत.

आणि तिसऱ्या पगारे मॅडम. इगतपुरीकडच्या शाळेत पीटी शिकवतात. सगळा घोळ त्यांच्यापासून सुरू झाला.

•

झालं असं, की गेल्या वर्षीचा ऑफिशियल बॉल पाणी प्यायचा. नाशकात काही कळलं नाही. पण इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तिथं ऑगस्टमध्ये मॅच म्हणजे अर्धी मॅच आणि अर्धी भातलावणी. हाफ टाइमपर्यंत त्या बॉलचा भोपळा झाला. मॅडमच्या टीममधल्या एका पोरीनं हेड मारला आणि मान धरून घरी बसली. आठ दिवस तिला शेजारी कोण बसलंय हे बघायला पूर्ण वळावं लागायचं!

यंदा तिच्या बापानं मॅडमना सांगून टाकलं, "मॅडम, तोच बॉल आसंल तर पोरगी येणार नाय." त्याचं ऐकून आणखी तीन घरं तसंच म्हणाली. टीममध्ये पोरी बारा. त्यातल्या चार गेल्या तर टीम संपली. मॅडमनी घरोघर फिरून जमवलेली टीम. एका घरी तर पोरीला सोडतील म्हणून स्वतः अर्धा दिवस चिखलात उभं राहून भात लावून दिला होता.

म्हणून यंदाच्या पहिल्याच मिटिंगला मॅडम म्हणाल्या, "सर, बाकी मला काही नको. भिजल्यावर हलका राहील असा बॉल निवडा. नाहीतर आमची टीम यंदा नाही."

सर म्हणाले, "मुद्दा नोंदवला आहे."

मी वहीत डोकावलो. लिहिलं होतं : "पाणी. विचाराधीन."

सरांची अडचण वेगळीच होती. गेल्या वर्षीचा बॉल त्यांनीच निवडला होता आणि "सर्वगुणसंपन्न चेंडू" असं अहवालात छापलं होतं. आता बदलायचा म्हणजे छापलेलं चुकलं. मुख्याध्यापकाचं छापलेलं चुकतं का कधी?

•

आमच्याकडं एक पद्धत आहे. कोणी कंपनीची बाजू घेऊ नये म्हणून बॉलवरची नावं चिकटपट्टीनं झाकायची आणि वर नंबर टाकायचे. हे काम माझं. यंदा तीन बॉल तपासायचे होते, पण एक आलाच नाही. उरले दोन : गेल्या वर्षीचा आणि एक नवीन.

आता अध्यक्षांनी तीन मागितले होते. मला वाईट वाटलं. मी स्टोअरमधून गेल्या वर्षीचाच आणखी एक कोरा बॉल काढला, चिकटपट्टी लावली, नंबर टाकला. म्हणजे एक नंबर आणि तीन नंबर सख्खे जुळे भाऊ!

सरांनी अर्धा तास तिन्ही बॉल टेबलावर फिरवले. चष्म्यातून बघितले, चष्म्यावरून बघितले. मग म्हणाले, "एक नंबरच्या चेंडूला शिस्त आहे. टाकला तिथे राहतो. हा तीन नंबरचा मात्र उच्छृंखल आहे. संस्कारच नाहीत."

सलीमभाईंनी मान हलवली. "हां सर, तीन नंबर थोडा आवारा है."

मी गंभीर तोंड करून चिकटपट्ट्या काढल्या.

एक आणि तीन, दोन्हींवर नाव एकच, गेल्या वर्षीचं! मॅडम खूश. त्यांना वाटलं, सुटलो! सरांनी स्वतःच स्वतःचा बॉल नापास केला!

सरांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "चेंडूत दोष नाही. तीन नंबरमध्ये हवा बबननं भरली असणार."

अहो, तिन्हींमध्ये मीच भरली होती!

•

हवेवरून आठवलं. बॉलमध्ये हवा किती, हे मोजायचं एक घड्याळासारखं यंत्र असतं. आमचं यंत्र कधीच बंद पडलंय. काटा एका जागी झोपलाय. मी बॉल कपाळावर हळूच आपटतो आणि सांगतो, "शून्य पूर्णांक आठ." सर लिहून घेतात. कधी कधी मी "शून्य पूर्णांक आठ पाच" म्हणतो, त्या दिवशी सर जास्त खूश असतात.

सलीमभाईंची पद्धत निराळी. ते बॉल मांडीवर घेतात, दोन्ही अंगठ्यांनी दाबतात, कुशीवर वळवतात, मग डोळे मिटून त्यावर गाल टेकवतात. अगदी गिऱ्हाईक उशी बघतं तसं. एकदा असाच गाल टेकवला आणि उठेचनात. मॅडमनी हलवलं तर दचकून म्हणाले, "अच्छा है, अच्छा है! इसमें कमर नहीं दुखेगी."

मॅडमनी विचारलं, "सलीमभाई, पण भिजल्यावर?"

"भीगने के बाद तो मॅडम, धूप में डालना पडता है."

मॅडमनी कपाळाला हात लावला. सर म्हणाले, "पुढचा मुद्दा."

•

मग तो न आलेला तिसरा बॉल घेऊन कंपनीचा एजंट आला. एवढ्या उन्हात कोट! बॉल मखमली पिशवीत. माझ्याकडंच आधी आला, कारण गेटवर मीच. हळूच विचारतो, "काका, अध्यक्षसाहेब बॉल कसा बघतात? काही खास आवड?"

आता असा प्रश्न कोणी मला विचारावा का?

मी इकडं तिकडं बघितलं आणि त्याच्या कानात सांगितलं, "साहेब वासावर जातात. बॉल हातात घेतला की पहिला नाकाला लावतात. वास आवडला की पास."

बिचारा धावत बाहेर गेला. कुठून अत्तर मिळवलं देव जाणे, पण आला तेव्हा त्याच्या आधी त्याचा बॉल आला! पाच मजली मोगरा!

सरांनी बॉल हातात घेतला, बारकाईनं बघायला जवळ नेला आणि पहिली शिंक दिली. मग दुसरी. मग मोजायचं आम्ही सोडून दिलं. सलीमभाई नाकाला रुमाल लावून विचारतात, "भाईसाब, ये बॉल मैदान में जा रहा है या निकाह में?"

एजंट माझ्याकडं बघतोय. मी छताकडं बघतोय.

मॅडमनी मात्र त्या गोंधळातही आपला प्रश्न सोडला नाही. "अहो, हा भिजल्यावर कसा होतो?"

एजंट म्हणाला, "मॅडम, भिजल्यावर वास जाईल."

बॉल गेला. सर संध्याकाळपर्यंत शिंकत होते. वहीत त्या दिवशीच्या पानावर अक्षर असं उडालंय, की ठराव कोणता आणि शिंक कोणती ते ओळखू येत नाही.

•

यंदा रंगावरही चर्चा झाली. सर म्हणाले, "पावसाळी हवेत पांढरा दिसत नाही. लाल घेऊ." आम्ही तिघं एकदमच ओरडलो, "नको!"

कारण लाल एकदा करून झालाय. मॅडम तेव्हा समितीत नव्हत्या, पण ती गोष्ट अख्ख्या जिल्ह्याला माहीत. त्या वर्षी ऑफिशियल बॉल ठरला लालभडक. सेमी फायनल होती विंचूरला. मैदानाच्या एका बाजूला रस्ता आणि रस्त्यावर कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. तिथल्या एका बॅकनं असा बॉल उडवला की जो गेला तो गेला. कोणत्या तरी ट्रॉलीत पडला. कोणत्या, ते कोण सांगणार? सगळ्या ट्रॉल्या लालच!

आम्ही कांदे उपसतोय, तोवर रांग पुढं सरकली आणि पुढचा ट्रॅक्टर गेला मार्केटात. सलीमभाई शिट्टी वाजवत मागं धावले. ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, पोलीस. त्यानं आणखी जोरात पळवला!

आम्ही मार्केटात पोहोचलो तेव्हा लिलाव सुरू झाला होता. घोळक्यात एक म्हातारा व्यापारी बॉल दोन्ही हातात धरून उभा. वरून बघितला, खालून बघितला, साल निघते का बघायला नखानं खरवडला आणि शेतकऱ्याला म्हणाला, "माल भारी हाय तुझा. पन पत्ती सोडीत नाय."

आणि तो शेतकरी काय म्हणाला माहीत आहे? "टिकाऊ हाय, शेठ!"

•

तर यंदाचं मतदान. एक नंबर म्हणजे जुना, पाणी पिणारा. दोन नंबर म्हणजे नवा. मॅडम आणि मी दोनच्या बाजूनं. सर एकच्या. सलीमभाई दोन्ही बॉलवर गाल टेकवून आले आणि म्हणाले, "एक नंबर नरम है." म्हणजे दोन-दोन!

बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत दोनदा मोजायचं, असं पुस्तकात आहे. सर खाकरले. मॅडमचा चेहरा असा झाला की मी पहिल्यांदाच मिटिंगमध्ये चहा खाली ठेवला. त्या पोरींना जाऊन काय सांगणार होत्या त्या?

पण बाई खमक्या. म्हणाल्या, "सर, एक मिनिट. तुमचं पुस्तक द्या." पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "चेंडूची अंतिम चाचणी प्रत्यक्ष सामन्याच्या मैदानावर घेण्यात यावी." मग विचारलं, "हे वाक्य कोणाचं सर?"

सर अभिमानानं म्हणाले, "माझंच!"

"आपण आजपर्यंत चाचणी कुठं घेतली?"

चाचणी कायम शाळेच्या हॉलमध्ये. फरशीवर. पंख्याखाली.

"आमची मॅच आमच्या मैदानावर आहे सर. या मग इगतपुरीला."

सरांना दुसरं कोणाचंही म्हणणं खोडता येतं. स्वतःचं वाक्य कसं खोडणार? वहीत लिहिलं, "समिती इगतपुरीस प्रयाण करील."

•

प्रयाण केलं ते सलीमभाईंच्या गाद्यांच्या टेम्पोतून. सर पुढं, मी मागं गादीवर. आजवरचा माझा सगळ्यात सुखाचा सरकारी प्रवास, सरकारी नव्हता तरी. घोटीपर्यंत नुसती भुरभुर होती. घोटी सोडली आणि आभाळ फाटलं. समोरच्या काचेतून काही दिसेना. सर म्हणाले, "थांबेपर्यंत थांबू." सलीमभाई म्हणाले, "सर, फिर तो दिवाली यहीं होगी."

मैदानावर पोहोचलो तर पोरी आधीच चिखलात खेळत होत्या. बाराच्या बारा. कोणाच्या पायात बूट, कोणी अनवाणी. चार जणींचे बाप शाळेच्या वऱ्हांड्यात, इरलं-छत्र्या घेऊन, आम्ही काय ठरवतो ते बघायला उभे. मॅडम हळूच मला म्हणाल्या, "काका, आज इथं जे होईल तेच."

दोन्ही बॉल अर्धा तास पाण्यात ठेवले. मग सरांची चाचणी. एका हातात छत्री, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. नियमाप्रमाणे बॉल दोन मीटरवरून सोडायचा आणि किती उसळतो ते मोजायचं. मी स्टुलावर उभा राहून एक नंबर सोडला.

पच्.

तिथंच. चिखलात रुतून बसला.

दोन नंबर सोडला. पच्. शेजारीच.

सरांनी वाकून दोन्ही बघितले आणि खुशीत म्हणाले, "उसळी शून्य. दोन्ही समान! समान असल्यास जुनाच चेंडू कायम."

वऱ्हांड्यातल्या एका बापानं छत्री उघडली आणि खाली उतरून पोरीला हाक मारली, "चल गं घरी." दुसऱ्यानंही. मॅडम त्यांना अडवायला निघाल्या.

तेवढ्यात टीमची कॅप्टन यशोदा पुढं आली. नववीतली पोरगी, एवढीशी. म्हणाली, "सर, जमिनीला काय कळतंय? डोक्याला इचारा."

"कोणाच्या डोक्याला?" सरांनी विचारलं.

"तुमच्याच. तुमी अध्यक्ष हायेत ना?"

मला वाटलं, आता पोरीला पुस्तकातलं कलम ऐकवतात. पण सरांनी त्या चार बापांकडं बघितलं. मग पोरींकडं. छत्री मॅडमकडं दिली, चष्मा सलीमभाईंकडं. वही मात्र कोणाला दिली नाही, ती काखेतच.

"बबनराव, टाका."

आधी दोन नंबर. मी हळूच उडवला. सरांनी डोळे मिटून डोकं पुढं केलं. टप्! बॉल सरळ यशोदाच्या पायाशी. पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर लाजले! मुख्याध्यापक लाजलेला मी पहिल्यांदा बघितला. म्हणाले, "अरे, हे तर सोपं आहे!"

मग एक नंबर.

आता लोक मला आजही म्हणतात, "बबन, तू मुद्दाम जोरात फेकलास." शप्पथ सांगतो, आयुष्यात सगळ्यांच्या खोड्या काढल्या, पण तो बॉल मी तान्हं बाळ द्यावं तसा दिला. दोन हातांनी उचलताना माझीच कंबर वाकली होती.

आवाज आला तो असा, की गच्चीवरून भिजलेली गादी खाली पडावी. बॉल पुढं गेला नाही, मागं गेला नाही. सरांच्या डोक्यावरून ओघळून खाली आला. सर मात्र उभेच. काहीतरी आठवत असल्यासारखे. मग पंगतीला बसावं तसे हळूहळू खाली आले आणि मांडी घालून पाण्यात बसले.

कोणी हसलं नाही. मी सुद्धा!

सलीमभाई धावले. "सर! सर! मैं कौन हूँ?"

सरांनी मान न वळवता फक्त डोळे वळवले. "रेफरी. आणि शिट्टी अजून वाजलेली नाही."

मग काखेतली वही काढली. पिशवीची गाठ सोडली. पेन उघडलं. पाऊस पानावर पडतोय, पाणी कमरेपर्यंत आलंय.

"ठराव मांडतो. एक नंबरचा चेंडू रद्द. दोन नंबरचा मंजूर. अनुमोदन?"

मॅडमनी छत्री धरलेलाच हात वर केला. "अनुमोदन, सर."

ज्या बापानं पोरीला घरी बोलावलं होतं, त्यानं छत्री मिटली आणि परत वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिला.

मी पुढं होऊन हात दिला. "सर, आधी उठा तरी!"

सरांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी परत सातवीत गेलो.

"बबनराव, सभा चालू आहे. अध्यक्ष मधेच जागा सोडत नसतात."